पेरूची फांदी, पोस्टकार्ड साइज

५ एप्रिल, रविवार

चित्र काढायचं ठरलं. आता माघार नाही.

काल स्नेहलचा फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी, नगरला गॅलरी चालवते. जूनमध्ये छोट्या निसर्गचित्रांचं प्रदर्शन लावतेय. अटी दोनच. आकार पोस्टकार्डाएवढा, आणि निसर्गासमोर बसून काढायचं, फोटोवरून नाही. म्हणाली, "सर, तुमच्या चित्रांमधलं एखादं तरी द्याच." माझी चित्रं आहेत असा तिचा समज दिसला. तो मोडला नाही. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यात स्वतःचं काही काढायला सवड मिळाली नाही. दोष टाइमटेबलचा.

विषय ठरला. आमच्याच बागेतली पेरूची फांदी. अकरा पानं, दोन फळं, वर पोपट. शीर्षक 'निसर्गाचा श्वास'. काम चार दिवसांचं. पाचव्या दिवशी सही.

सविताला सांगितलं. बायको असूनही तिने आनंद दाखवला नाही. म्हणाली, चार दिवसांत तुम्ही पंख्याचा रेग्युलेटर पण बदलणार होता. मी विषय वाढवला नाही.

६ एप्रिल

राहात्याला जाऊन आलो. आधी फ्रेम आणली. ध्येय डोळ्यांसमोर हवं. कागद मात्र चांगला मिळाला नाही, तो कोपरगावहून मागवला. ट्रिपल झिरो ब्रश जुन्या पेटीत सापडला, पण त्याचे केस झुरळाने खाल्लेत. नवा घेतला. घड्याळवाल्याकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं. ते लावून आरशात पाहिलं. खरा कलावंत दिसतो.

१० एप्रिल

कागद ताणायचा म्हणजे ओला करून, फळीवर चारही बाजूंनी टेप मारून वाळू द्यायचा. विद्यार्थ्यांना हे मी शेकडो वेळा तोंडी सांगितलंय. गच्चीवर वहिनींच्या कुरडया वाळत होत्या, तिथेच फळी ठेवली. तासाभराने पाहतो तर कागदावर कोंबडीचे पाय. टेक्श्चर म्हणून ठेवावेत का, असा विचार मनात येऊन गेला.

दुसरा कागद ताणला. फळीपाशी स्वतः बसलो. ऊन लागलं.

१३ एप्रिल, सकाळ

बागेत स्टूल टाकून बसलो. मधल्या पट्ट्यातलं झाड निवडलं, सावली बरी आहे.

दादा येऊन उभा राहिला. सहादेवदादा माझा थोरला भाऊ, बाग तोच बघतो, मी फक्त सातबाऱ्यावर. म्हणाला, "हितं कशाला बसलाय? ताण लावलाय बागंला. पानं गळनार हायेत समदी."

ताण म्हणजे मला माहीत आहे. उन्हाळाभर बागेचं पाणी तोडायचं, झाडाने पानं गाळायची, मृग लागला की पाणी सोडायचं, मग झाड फुलांनी भरतं. मध्येच पाणी मिळालं तर झाड नुसता पाला काढून मोकळं होतं आणि बहार जातो. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मला तर आहेच.

मागच्या साली गारांनी बहार झोडपला. यंदाचा बहार आला की कडूबाईवहिनींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचंय. दादाने डॉक्टरांना तसं सांगून ठेवलंय. वहिनी आता जिना बसून उतरतात. तरी माझा चहा त्यांनी बागेत आणून दिला. नको म्हणालो होतो.

पानं गळायच्या आत चित्र संपेल. दादा फार काळजी करतो.

१९ एप्रिल

पेन्सिल ड्रॉइंग सुरू. तीन पानं काढली, खोडली. पुन्हा काढली.

फळं रद्द. ताणातल्या बागेत एप्रिलमध्ये पेरू नसतात हे आज लक्षात आलं. पोपटही रद्द, कारण पेरू नाहीत तर तो येईल कशाला. कॉम्पोझिशन उलट मोकळं झालं.

भिंगातून पान पाहिलं. काय सांगावं! मधली शीर, तिला दोन्हीकडून समांतर शिरा, दर दोन शिरांमध्ये पानाचा फुगीर भाग. इतकी वर्षं ह्या झाडांखालून ये-जा केली, पान असं कधी बघितलं नव्हतं. थोडा वेळ हातातली पेन्सिल विसरलो. हे खरं आहे.

२६ एप्रिल

पहिलं पान रंगवलं. हिरवा रंग ट्यूबमधून थेट घ्यायचा नाही, निळ्या-पिवळ्यातून तयार करायचा. आधी पातळ हात द्यायचा, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. शीर रंगवायची नसते, तिच्या दोन्ही बाजू रंगवून ती कोरी सोडायची. फळ्यावर हे सोपं होतं.

चौथ्या हाताला घामाचा थेंब पडला. पानाचं तळं झालं. पुन्हा.

फांदीवरची चार पानं काल गळली. उरलेल्यांतली दोन पिवळी. वेग वाढवणे आवश्यक.

२८ एप्रिल

दादाशी बोललो. अगदी संयमाने. म्हटलं, एका झाडाला थोडं पाणी दिलं तर काय बिघडेल? दादा म्हणाला, "येड्यागत बोलू नको. आजून म्हैना काढायचाय. आत्ता पानी दाखवलं तर संपलंच." आणि निघून गेला. प्रदर्शन म्हणजे काय, राज्यभरातून किती लोक येतात, हे त्याने ऐकूनही घेतलं नाही. कलेच्या बाबतीत आमच्या घरात पहिल्यापासून अंधार आहे.

३० एप्रिल, दुपार

सगळे झोपले होते. एक बादली घातली. फक्त माझ्या झाडाला. ह्याला पाणी देणं म्हणत नाहीत. मॉडेल समोर बसलं की त्याला पाणी विचारतात, इतकंच.

४ मे

रोज दोन बादल्या. हौदापासून झाड लांब आहे. कंबर धरली. सविताने मलम चोळलं आणि विचारलं, बसून चित्र काढण्यात कंबर कशी धरते? म्हणालो, पोश्चर.

जुनी पानं तरीही गळताहेत, आणि फांदीच्या टोकाला कोवळा लालसर फुटवा आलाय. तो माझ्या ड्रॉइंगमध्ये नाही. झाड ऐकत नाही.

७ मे

दोन गळलेली पानं उचलून दोऱ्याने जागेवर बांधली. लांबून फरक कळत नाही. संध्याकाळपर्यंत पानं आकसून गेली. दादाने दोरा पाहिला आणि वहिनींना विचारलं, दृष्टीचं काही बांधलंय का? वहिनी नाही म्हणाल्या. दादाने दोऱ्याला हात लावला नाही, असू दे म्हणाला. मी वाचलो.

चित्रात आता पाच पानं ठेवणार. पूर्ण झालेली दोन. स्नेहलला फोन करून मुदत वाढवून घेतली. तिला सांगितलं, डिटेलिंग चालू आहे.

११ मे, दुपारी

कंबरेने बादली उचलेना. विहिरीवरची मोटार गुरांच्या घासासाठी चालूच होती. बांधावर ठिबकचे कॉक आहेत, त्यातला तिसरा ह्या पट्ट्याचा. म्हटलं, पाच मिनिटं सोडावा, झाडाच्या बुडाशी नळी आहेच. अंगमेहनत वाचेल.

कॉक सोडला, स्टुलावर येऊन बसलो. तिसऱ्या पानाच्या शिरा चालू होत्या. हात इतका स्थिर कधीच नव्हता. श्वास धरायचा, शिरेच्या कडेने ब्रशचं एक टोक न्यायचं, मग श्वास सोडायचा. एकही शीर तुटली नाही. असं काम माझ्या हातून आयुष्यात झालेलं नाही. पान संपलं तेव्हा चप्पल चिखलात रुतली होती.

वर पाहिलं. माझ्या झाडापासून पार विहिरीपर्यंत जमीन काळी झाली होती. अर्धी बाग भिजली.

धावत जाऊन कॉक बंद केला. कोणी पाहिलं नाही. घरी आलो, पाय धुतले. उन्हाने वाळेल, ऊन कडक आहे. वाळेलच.

१२ मे

वाळलं नाही.

दादा सकाळी बागेत गेला तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा ओट्यावर बसून राहिला, पायातली चप्पलही काढली नाही. मग म्हणाला, "कुनीतरी कॉक सोडला." वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी एकदाच विचारलं, समदी बाग का? दादा म्हणाला, निम्मी.

मी बोलणारच होतो. पण दादा त्या मनःस्थितीत नव्हता. अशा वेळी माणसाला आणखी धक्का देणं बरोबर नाही. चित्र पूर्ण होऊ दे, मग चित्र समोर ठेवूनच सांगेन, म्हणजे त्याला कारण समजेल.

१४ मे

दादाचा संशय वैजनाथवर. वैजनाथ आमचा चुलतभाऊ, बांधाला बांध. विहीर सामाईक आहे, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत आणि त्या पाळ्यांवरून दर उन्हाळ्यात त्यांचं वाजतं. कॉक त्याच्याच बांधाजवळ. मार्चमध्ये तो चिडून म्हणाला होता म्हणे, "बघतोच तुझा बहार कसा येतो त्यो."

हे वाक्य खरोखर वाईट आहे. असं बोलणाऱ्या माणसावर संशय आला तर त्यात संशय घेणाऱ्याची काय चूक?

चौथ्या पानाचा पहिला हात दिला. रंग गढूळ आला.

१७ मे

बांधावर भांडण. मी स्टुलावर होतो, सगळं ऐकू येत होतं. दादा म्हणाला, "वैजा, पोटावर पाय दिलास माझ्या." वैजनाथ म्हणाला, "आरं, मी कशाला हात लावू तुझ्या कॉकाला? येड लागलंय का तुला?" मग आई-बहिणीवर गेलं. दोघांचीही वयं झालीत, दोघांनाही बीपी. एक क्षण दादाने खोरं उचललं. वैजनाथच्या बायकोने मध्ये पडून ते धरलं.

मी उठलो होतो. उठून उभा राहिलो होतो, हे नमूद करतो.

२० मे

भिजलेल्या पट्ट्यात झाडांना फुटवा आलाय. पोपटी, लुसलुशीत, नुसता पाला. कळीचं नाव नाही. दादा एकेक फांदी वाकवून बघत हिंडतो, आणि परत पाहिलेल्याच झाडापाशी जातो.

माझ्या फांदीवर आता जुनं एकच पान शिल्लक आहे. चित्रात तीन पानं राहतील, अधिक नाही. जपानी लोक कमीत कमी वस्तू काढतात.

जेवण जात नाही. सविता विचारते काय झालं. म्हणालो, निर्मितीच्या काळात असं होतं.

२२ मे

प्रकरण हाताबाहेर. दादाने चारचौघांत सांगितलं, वैजनाथने रविवारी खंडोबाला बेलभंडार उचलावा. देवापुढे बेलाचं पान आणि भंडारा हातात घ्यायचा आणि मी नाही केलं म्हणून सांगायचं. इथे अजून कोणी खोटा बेलभंडार उचलत नाही. वैजनाथ म्हणाला, "उचलतो. भितो का काय? पन आदी तुझ्या घरच्यांनी उचलायचा. एकूनएकानं."

एकूणएकाने.

मी बुद्धिवादी आहे. हळदीची पूड हातात घेतल्याने सत्य-असत्य ठरत नाही. तरी रविवारी नाशिकला जाण्याचा विचार केला. सविता म्हणाली, नाशिकला आपलं कोण आहे?

२३ मे

रविवारसाठी धोरण ठरवलं. (अ) तात्त्विक विरोध नोंदवायचा. (ब) घसा बसल्याचं सांगायचं. (क) दादाला आज रात्री जेवताना सगळं सांगून टाकायचं. (क) सर्वांत योग्य.

जेवताना दादाने स्वतःच्या ताटातली शेंगदाण्याची चटणी माझ्या ताटात वाढली. म्हणाला, चित्रापायी वाळलास. मग (क) जमलं नाही.

२४ मे, रविवार

सविस्तर लिहितो. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

देवळात पंधरा-वीस माणसं. वैजनाथ इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोसह. पुजाऱ्याने पाटावर बेल आणि भंडाऱ्याची वाटी ठेवली. चित्र माझ्या खिशात होतं, प्लॅस्टिकमध्ये. हल्ली ते जवळच ठेवतो.

दादाने उचलला. "मी न्हाई सोडलं पानी." वहिनींना पायऱ्या चढवेनात, त्यांना दोघींनी धरून वर आणलं, त्यांनी उचलला. सविताने उचलला, उचलताना माझ्याकडे पाहिलं. मग माझी पाळी. घसा खरोखरच बसला होता, (ब) मुद्दाम करावं लागलं नाही.

मी पुढे होणार तोच दादाने हात आडवा केला. म्हणाला, "त्याला ऱ्हाऊ द्या. मास्तर मानूस हाय. कुठला कॉक कुठं पानी नेतो ह्येबी त्याला जलमात ठावं न्हाई." लोक हसले. वैजनाथही हसला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "व्हय व्हय, भागवतला पेरूचं झाड दाखीवलं तर जांभूळ म्हनंल त्यो." इतक्या दिवसांत त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

मी सुटलो होतो. नुसतं गप्प राहायचं होतं.

पण जांभूळ? दीड महिना मी त्या पानाची शीर न् शीर पाहिली आहे. डोळे गेले माझे. आणि ह्यांनी हसावं? मी म्हणालो, आणि आवाज चांगला खणखणीत आला, "ठाऊक आहे मला. तिसरा कॉक. डावीकडे फिरवला की मधल्या पट्ट्याला पाणी जातं. मीच फिरवला होता."

म्हणून झाल्यावर मला ऐकू आलं.

कोणी हसलं नाही. पुजाऱ्याने वाटी उचलून बाजूला घेतली. दादाने विचारलं, "कशापायी?" म्हणालो, चित्रासाठी. तो म्हणाला, "दाखीव." मी खिशातून काढून दिलं. हाताचा भंडारा त्याने आधी धोतराला पुसला, मग चित्र घेतलं. लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं.

"एवढंच?"

मी म्हणालो, पोस्टकार्ड साइज आहे. अजून फिनिशिंग बाकी आहे.

त्याने चित्र कडांना धरून परत दिलं. मग वैजनाथसमोर गेला आणि सगळ्यांदेखत हात जोडले. माझा थोरला भाऊ. वैजनाथ त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. वैजनाथने त्याचे हात धरून खाली केले, म्हणाला, "न्हाई, न्हाई, दादा, आसं करू नका." त्या भानगडीत त्याने शपथ घेतलीच नाही, आणि कोणाला ती हवीही नव्हती.

मला देवळात रडू आलं. सविताने रुमाल दिला नाही.

२७ मे

ताट वाढलं जातं, चहा मिळतो. चहा सविता आणते. वहिनींना सांगितलं, माझं चुकलं. त्या कुरडयांचा डबा भरत होत्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊजी. निम्मी बाग हाय की. निम्म्या बागंत एक गुडघा व्हईल. दुसरा फुडल्या साली." आणि डबा सरकवत सरकवत फळीपर्यंत नेला.

त्या गमतीने म्हणाल्या असं मी लिहिणार होतो. गमतीने नाही म्हणाल्या.

१ जून

चित्र पूर्ण. तीन पानं आणि चौथं अर्धं. अर्धं पान हेतुपुरस्सर ठेवलंय, असं स्नेहलला सांगणार होतो. सांगितलं नाही. चित्र पाठवलंच नाही. प्रकृती बरी नाही असा मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "हरकत नाही सर, मार्गदर्शक म्हणून तुमचा फोटो लावते." फोटो पोस्टकार्ड साइजचा मागितला.

घरात चित्र कोणी बघायला मागितलं नाही. तिसऱ्या पानाच्या शिरा खरंच चांगल्या आल्यात. हे कोणाला सांगावं कळत नाही.

८ जून

मृग लागला. कोरड्या राहिलेल्या निम्म्या बागेची छाटणी, खत झालं होतं. आज पाणी सोडायचं. मी खोलीत ब्रश धूत होतो. दादा दारात आला. देवळापासून माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.

म्हणाला, "चल. कॉक सोडायचाय."

मी म्हणालो, मी?

म्हणाला, "ठावं हाय ना तुला सगळं." मग बांधाकडे चालू लागला. मी मागे. कॉकपाशी थांबून त्याने खोरं जमिनीत रोवलं आणि त्याच्यावर हात टेकून उभा राहिला.

म्हणाला, "तू फकस्त सोड. बंद मी करतो."

मी सोडला.